‘ब्यॅऽ’ किती वेळा करायचं? हरणीला साद घालून जवळ बोलावण्याची रीत

शिकारीच्या माझ्या पहिल्या वर्षीची गोष्ट. पहाटेच्या अंधारात मी मचाणाची शिडी चढत होतो आणि प्रत्येक पायरीला माझ्या खिशातून हरीण ओरडत होतं. खिशात ‘कॅन कॉल’ होता. मुठीत मावेल एवढी डबी. उपडी केली की आतलं वजन सरकतं, हवा बारीक पत्तीतून सुटते आणि ‘ब्यॅऽऽ’ असा आवाज निघतो. पाय उचलला की डबी कलंडायची, टेकला की पुन्हा सरळ व्हायची. पंधरा पायऱ्या, पंधरा वेळा ब्यॅऽ. वर पोचून कमरेचा पट्टा अडकवतोय तोच खालच्या झाडीतून सायकलच्या ट्यूबची हवा सुटावी तसा ‘फूश्’ आवाज आला. मागोमाग आणखी एक. मग पाचोळ्यावर खुरांचा आवाज, लांब लांब जाणारा. त्या सकाळी परत काही दिसलं नाही.

डबीच्या भोकावर चिकटपट्टी लावून ठेवायची, हे त्याच दिवशी कळलं. हरणीला बोलवायचं तर कमी बोलायचं, हे कळायला पुढचे तीन हंगाम गेले. हा लेख त्या तीन हंगामांतल्या चुका वाचवण्यासाठी.

मी राहतो पेनसिल्व्हेनियात, ॲपलेशियन डोंगररांगांच्या पायथ्याला. लिहितोय ते इथल्या व्हाइटटेलबद्दल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल, आणि मुख्यतः धनुष्याच्या हंगामाबद्दल. बंदुकीनं शंभर यार्डांवरचं हरीण टिपता येतं. धनुष्याला ते वीस-पंचवीस यार्डांवर यावं लागतं आणि कॉलचा खरा उपयोग तिथे होतो. भारतातून वाचणाऱ्यांनी हे फक्त वाचायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच सापळा लावणं, हाकून नेणं, आमिष दाखवणं हे सगळं बसवलेलं आहे. ताडोब्यात किंवा पेंचमध्ये जिप्सीत बसून मोबाइलवर प्राण्यांचे आवाज लावायचा मोहही आवरा. फोटो मिळेल, पण त्या जनावराची सकाळ बिघडेल.

मादीच का?

घरचे लोक हा प्रश्न हमखास विचारतात, आणि ‘मादी’ म्हणताना आवाज थोडा खाली जातो. उत्तर असं की कळपाची संख्या नरांवर नाही, माद्यांवर ठरते. १९०० च्या सुमाराला या राज्यात हरीण जवळजवळ संपलं होतं. १८९५ मध्ये स्थापन झालेल्या गेम कमिशननं, म्हणजे राज्याच्या शिकार-वन्यजीव खात्यानं, पुढे मिशिगनसारख्या राज्यांतून हरणं आणून सोडली आणि १९०७ मध्ये मादी मारण्यावर कायद्यानं बंदी आली. हरणं वाढली, इतकी वाढली की जंगलात ओकची रोपं गुडघ्याच्या वर जाईनात. पण ‘मादीवर बार टाकायचा नाही’ हा संस्कार पिढ्यान्‌पिढ्या मुरला होता. १९९९ पासून काही वर्षं हरीण विभागाचे प्रमुख असलेले गॅरी ऑल्ट गावोगावच्या सभागृहांत जाऊन लोकांना हेच समजावत फिरले आणि भरपूर शिव्याही खाल्ल्या. आज कमिशन प्रत्येक विभागासाठी बिनशिंगांच्या परवान्यांचा वेगळा कोटा ठरवतं.

त्या परवान्यासाठी २०२३ पर्यंत गुलाबी पाकीट भरून कौंटीच्या खजिनदाराला टपालानं पाठवावं लागायचं. आता ते ऑनलाइन झालंय. पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. आपल्यातल्या एच-वन-बीवाल्यांसाठी एक गोष्ट: तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला बंदूक बाळगायला संघीय कायदा मनाई करतो. शिकारीचा वैध परवाना असणं हा त्यातला एक अपवाद आहे. तरी बंदुकीला हात लावण्याआधी वकिलाशी बोला. धनुष्याला हा नियम लागत नाही, आणि मी धनुष्याकडे वळण्याचं एक कारण तेही होतं.

कॉलबद्दलचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. तोंडानं वाजवायचे आणि हातानं उपडे करायचे कॉल बहुतेक ठिकाणी चालतात. बॅटरीवर रेकॉर्ड वाजवणारे हरणासाठी अनेक राज्यांत बंद आहेत, आमच्याकडेही. मोबाइलवर आवाज लावणं म्हणजे तेच, म्हणून ती पळवाट शोधू नका. शिवाय हरणांत सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग सापडलेल्या ठरावीक भागांत खऱ्या मूत्रापासून बनवलेली वासाची आमिषं वापरता येत नाहीत. दरवर्षी नवी नियमपुस्तिका वाचा, गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका.

कुणाला हाक मारतोय, आणि कोणत्या महिन्यात

दुकानात मिळणारे बहुतेक कॉल नराला बोलवण्यासाठी विकले जातात. खोक्यावर शिंगांचं झाड डोक्यावर घेतलेला नर असतो. त्यामुळे नवशिक्याला वाटतं की आवाज काढला की जनावर येतं. नर येतो तो माज, भांडण किंवा मादीच्या ओढीनं. हरणी येते ती गोतावळ्यापोटी. व्हाइटटेलचं कुटुंब आईकडून चालतं. एक थोराड मादी, तिच्या लेकी, त्या सगळ्यांची त्या वर्षीची पाडसं, असा जथा साधारण एक चौरस मैलाच्या आतबाहेर आयुष्य काढतो. नर पिल्लं वर्ष-दीड वर्षात बाहेर पडतात, मुली आईच्या शेजारीच राहतात. म्हणजे तुम्ही साद घालता तेव्हा ऐकणाऱ्या हरणीला शेजारपाजारचे आवाज पाठ असतात. तिच्या डोक्यात प्रश्न उठतो तो ‘हे कोण आपल्यात?’ किंवा ‘पोर कुठे राहिलं?’ असा. तुमचा आवाज या दोनपैकी एका प्रश्नाला धरून असायला हवा.

कोणता, ते महिन्यावर ठरतं.

ऑक्टोबरची सुरुवात सगळ्यात चांगली. पाडसं मेअखेर-जूनमध्ये जन्मलेली, आता चार-साडेचार महिन्यांची. दूध सुटलेलं असतं पण आई सुटलेली नसते. अंगावरचे ठिपके गेलेले. जथा एकत्र, व्हाइट ओकची फळं पडायला लागलेली (रेड ओकपेक्षा ती कमी तुरट, म्हणून आधी तीच संपतात), आणि अजून कुणी त्यांना फार सतावलेलं नसतं. पाडसाचा हलका आवाज किंवा मादीची साधी साद या दिवसांत काम करते.

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा मध्य हा नरांचा काळ. मादी माजावर येते ती जेमतेम एक दिवस, पण नर आधी आठवडाभर तिला पळवत असतात. नराचा घुरघुराट ऐकला की ती जवळ येण्याऐवजी दाट झाडीत शिरते. तरी लोक या दिवसांत ग्रंट कॉल, म्हणजे हाच घुरघुराट काढणारी नळी, फुंकत बसतात आणि मग ‘माद्या दिसतच नाहीत’ म्हणतात. मादी हवी असेल तर नराचा आवाज खिशात ठेवा. एक संधी मात्र याच काळात मिळते. नराच्या तावडीतून सुटून आलेली हरणी आपली मागे राहिलेली पाडसं शोधत हिंडते. अशी एकटी, मान पुढे काढून भराभर चालणारी हरणी दिसली तर पाडसाचं एकच बारीक ‘म्यूँ’ तिला जागच्या जागी वळवतं. हे मी दोनदा पाहिलंय.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी बंदुकीचा हंगाम सुरू होतो. तेव्हा सार्वजनिक रानात मी कॉल वाजवतच नाही. हरणासारखा आवाज काढणारा माणूस आणि आवाजाच्या दिशेनं सरकणारा दुसरा बंदूकवाला, हा हिशेब मला नको. वाजवायचाच असेल तर पाठीला रुंद खोड असू द्या आणि अंगावर भगभगीत नारिंगी. या हंगामात डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच नारिंगी सक्तीचं आहे. हरणाला त्याचं काही नाही. तांबड्या-नारिंगी रंगात त्याची नजर कमी पडते, निळा मात्र चटकन दिसतो, म्हणून जीन्स घरी ठेवा. नाताळानंतर ठिणगीच्या जुन्या फ्लिंटलॉक बंदुकांचा हंगाम येतो. तोवर माद्या इतक्या ऐकून-पाहून झालेल्या असतात की गप्प बसणं हाच कॉल.

आवाज कोणते

१९८८ मध्ये जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी व्हाइटटेलचे बारा वेगवेगळे आवाज नोंदवले. आपल्याला त्यातले चार-पाच पुरे.

पहिली, मादीची साद, जिला सगळे ‘ब्लीट’ म्हणतात. शेळीच्या ओरडण्यासारखी, पण आखूड आणि नाकातली. अर्धा ते पाऊण सेकंद. शेळी पोट भरून ओरडते, हरणी तोंड जेमतेम उघडते. माजावरच्या मादीचा म्हणून विकला जाणारा ब्लीट याहून लांबट असतो. तो नरासाठी, आपण लांबवायचं नाही.

दुसरा, आईचा घुरघुराट. अगदी खालच्या पट्टीत ‘उंर्’. पाडसं गवतात दडलेली असताना आई हाच आवाज काढते आणि ती उठून येतात. दहा-पंधरा यार्डांपलीकडे माणसाला ऐकू येत नाही. ग्रंट ट्यूब जवळजवळ न फुंकता, नुसता श्वास सोडून हा निघतो. माझ्या अनुभवात सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि सगळ्यात भरवशाचा आवाज हाच.

तिसरं, पाडसाचं ‘म्यूँ’. उंच, बारीक, मांजराच्या पिल्लाच्या जवळ जाणारं.

चौथा आक्रोश. पाडसाला कोल्ह्या-कुत्र्यानं धरलं की ते जे ओरडतं तो. कॅनडातल्या माळरानावर सुझन लिंगल आणि टोबियास रीडे यांनी यावर केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी झुडपांत स्पीकर ठेवून सील, मार्मोट, मांजर, इतकंच काय माणसाच्या बाळाच्याही रडण्याचे आवाज लावले. पट्टी पाडसाच्या आवाजाच्या टप्प्यात असली की हरणी धावत स्पीकरकडे आल्या. पट्टी बदलली की आल्या नाहीत. यातून आपल्या कामाचं एवढंच की हरणी नक्कल किती हुबेहूब आहे ते तपासत नाही, सूर तपासतो तिचा कान. तुमचा आवाज जरा घोगरा निघाला तर बिघडत नाही, पट्टी चुकली तर बिघडतं.

आक्रोश मी वापरत नाही. त्याला कायोटी (लांडग्याचे लहान भाऊबंद) येतात, अस्वलं येतात. हरणी आलीच तर कान मागे पाडून, गोल गोल फिरत येते, आणि अशा जनावरावर नीट बाण टाकता येत नाही. ही झाली हिशेबाची कारणं. एकदा एका शेजाऱ्याच्या मचाणाखाली मी ते पाहिलं. हरणी आली, थांबली नाही, दहा मिनिटं झुडपं हुंगत फिरली. बाण त्यानंही सोडला नाही. नंतर आम्ही दोघं त्याविषयी बोललो नाही.

पाचवा तो ‘फूश्’, हरणीची धोक्याची फुरफुर. तो काढायला शिकू नका, ओळखायला शिका.

डबी, नळी आणि पत्ती

पंधरा ते तीस डॉलरांत कॉल मिळतो. कॅनचा फायदा असा की सूर ठरलेला असतो, चुकायला वाव कमी. तोटाही तोच. एकच आवाज, एकाच लांबीचा. आखूड करायचा असेल तर अर्ध्यावर भोकावर अंगठा ठेवायचा. नळीच्या कॉलमध्ये प्लॅस्टिकची पत्ती असते आणि तिच्यावर रबराची बारीक कडी. कडी तोंडाकडे सरकवली तर थरथरणारा भाग आखूड होऊन आवाज चढतो, मागे घेतली तर उतरतो. जत्रेतली पिपाणी लहानपणी उघडून पाहिली असेल त्याला हे सांगावं लागत नाही. मी कडीच्या तीन जागांवर मार्करनं खुणा केल्यात: पाडस, मादी, आई. अंधारात बोटाला कळावं म्हणून शेजारी नखानं खाचाही पाडल्यात.

थंडीत तुमच्या श्वासातली वाफ पत्तीवर गोठते आणि ऐन वेळी नळीतून ‘पीं’ असं काहीतरी विचित्र येतं. म्हणून नळी जॅकेटच्या आत, छातीपाशी. वाजवून झालं की झटकायची.

सराव गाडीत करा. घरात केलात तर दोन दिवसांत घरचे ती डबी लपवून ठेवतील. खऱ्या हरणांची ध्वनिमुद्रणं ऐका, आपला आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा, मग मोबाइल पन्नास पावलांवर ठेवून पुन्हा रेकॉर्ड करा. कानाशी हळू वाटणारा आवाज शांत सकाळी किती लांब जातो ते तेव्हा कळतं. व्हाइटटेलचा कान ४ ते ८ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो आणि वर तो आपल्या ऐकण्याच्या मर्यादेपलीकडे जातो. म्हणजे तुमच्या ब्लीटच्या मागोमाग वाजलेला व्हेल्क्रोचा चर्र किंवा बकलाची टिक तिला ब्लीटइतकीच स्वच्छ ऐकू येते.

बसायचं कुठे

हरणी झोपते ती जागा आणि खाते ती जागा, यांच्या मधल्या वाटेवर. आमच्याकडे झोपायच्या जागा म्हणजे उतारावरचं माउंटन लॉरेलचं दाट रान, आणि खायची म्हणजे ओकखालचा सपाट भाग किंवा मक्याच्या शेताची कड. झोपायच्या जागेला खेटून बसू नका, जाता-येता उठवाल.

मचाण अठरा-वीस फुटांवर पुरे. जमिनीवरून पाय सुटल्यापासून परत टेकेपर्यंत अंगात फुल बॉडी हार्नेस असलाच पाहिजे, आणि चढता-उतरतानाही दोराला अडकवलेला. या छंदात माणसं जनावरांमुळे जखमी होत नाहीत, मचाणावरून पडून होतात.

आता जागेची गुपितं, जी कुठल्या खोक्यावर छापलेली नसतात. साद घातली की हरणी सरळ येत नाही. ती आवाजाच्या वाऱ्याखालून वळसा घालते, कारण कानानं ऐकलेलं नाकानं पडताळायचं असतं. म्हणून तुमच्या वाऱ्याखालच्या बाजूला तिला जाता येणार नाही असं काहीतरी हवं: ओढ्याची खोल दरड, तळं, पडक्या झाडांचा गुंता. तसं नसेल तर वारा आडवा घ्या आणि वळशाच्या वाटेवर ती तुमचा वास लागण्याआधी बाणाच्या टप्प्यात येईल अशी जागा निवडा. दुसरं, आवाज जिथून येतो ती जागा तिला लांबून दिसता कामा नये. साठ यार्डांवरून तिला तुमच्या झाडाखालची मोकळी जमीन दिसली आणि तिथे हरीणच नसलं, तर ती तिथेच थबकते आणि पुढे येत नाही. मध्ये एखादी झुडपांची रांग किंवा उंचवटा असला की बघायला तिला पुढे यावंच लागतं.

वारा बघायला लोक पावडरीची बाटली वापरतात. मी मिल्कवीडची बोंडं खिशात ठेवतो. आपल्या रुईच्या कुळातलंच हे झाड. शेंग फोडली की तीच रेशमी ‘म्हातारी’ उडते जिच्यामागे आपण लहानपणी पळालोय. पावडर हातभर अंतरावर दिसेनाशी होते. म्हातारी शंभर यार्ड दिसत राहते आणि वारा कुठे वळतो, कुठे खाली बसतो, ओढ्यावर पोचला की कसा घसरतो, सगळं दाखवते. डोंगरउतारावर हे फार महत्त्वाचं. सकाळी ऊन लागलं की हवा वर चढते, संध्याकाळी थंड होऊन उतारावरून खाली वाहते. सकाळची उत्तम जागा संध्याकाळी तुमचा वास थेट जथ्यात नेऊन सोडते.

प्रत्यक्ष सकाळ

सूर्योदयाच्या तासभर आधी मचाणावर. नियमाप्रमाणे बाण सोडता येतो सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून, पण पहिली वीस मिनिटं मी काहीच करत नाही. तुमच्या येण्यानं गप्प झालेलं रान परत बोलायला लागलं पाहिजे. खारी पाचोळ्यात खसफसायला लागल्या की समजायचं, आपण विसरले गेलो.

मग आईचा घुरघुराट, दोनदा, मध्ये दोन-तीन सेकंद. नळीचं तोंड तळहातानं झाकून, तुमच्या मागच्या बाजूला, जमिनीकडे. कारण आवाज झाडावरून नाही, खालून आल्यासारखा वाटायला हवा. पाच मिनिटं थांबा. जवळच झोपलेली हरणी असेल तर एवढ्यानंच उठते. आधीच जोरात ब्लीट मारलात तर हीच जवळची हरणी दचकून जाते. नवशिक्यांच्या हातून सगळ्यात जास्त हरणी याच चुकीनं जातात.

काही हललं नाही तर दोन ब्लीट. अर्धा सेकंद, थांबा, पुन्हा अर्धा सेकंद. दुसरा पहिल्याहून हळू. मग वीस मिनिटं पूर्ण शांतता. घड्याळ बघा, मनानं मोजू नका. मचाणावर वीस मिनिटं मनाला सात मिनिटांतच पूर्ण वाटतात. हरणी शंभर यार्ड यायला वीस मिनिटं सहज घेते. चार पावलं चालते, थांबते, एक ओकचं फळ उचलते, कान फिरवते. नराच्या कथा ऐकून आपण धावत येणाऱ्या जनावराची वाट बघतो, आणि ही हळू हळू येत असते.

त्यानंतर एक फेरी थोड्या मोठ्यानं, कारण जवळ कुणी नाही हे आता ठरलं. तीन तासांच्या बैठकीत तीन फेऱ्या, त्याहून जास्त नाही. आणि त्याच मचाणावर त्याच आठवड्यात पुन्हा कॉल नाही. थोरली मादी जागा लक्षात ठेवते. पुढच्या वेळी ती झाडाच्या बुंध्याकडे नाही, सरळ वर बघते.

हरणी दिसल्यावरचा नियम सोपा आहे: ती तुमच्याकडे येत असेल तर डबीला हात लावायचा नाही. लांब जात असेल, शेपूट तुमच्याकडे असेल, तेव्हाच एक हलका आवाज. थांबून तुमच्या दिशेनं बघत असेल तेव्हा तर मुळीच नाही. ती त्या क्षणी आवाजाचा नेमका बिंदू शोधत असते, दुसरा आवाज म्हणजे तुम्ही स्वतः हात वर करणं.

शेपूट आडवी एकदा हलली आणि डोकं खाली गेलं, तर सगळं ठीक. कान पुढे, मान ताठ, एक पाय उचललेला, म्हणजे संशय. मग ती तो पाय आपटते. खुरांच्या फटीत वासाची ग्रंथी असते, त्यामुळे मागून येणाऱ्यांसाठी ती जागा खूण होऊन राहते. डोकं खाली घालून एकदम वर उचलते, ती फसवणूक असते, तुम्ही हलता का ते बघायला. हलू नका. ‘फूश्’ आला की संपलं. काहीजण म्हणतात, लगेच ब्लीट केलं तर ती शांत होते. मी करून पाहिलंय, ती आणखी लांब जाऊन फुरफुरते. अशा वेळी थर्मास उघडा आणि चहा प्या.

आली, पण कोण आली?

पाडसाच्या आवाजाला बहुतेक वेळा आधी पाडसच येतं, आणि एकटं, निर्धास्त पुढे आलेलं पाडस पुष्कळदा नर असतं. कायद्यानं दोन्ही शिंगं तीन इंचांच्या आत असलेलं जनावर ‘बिनशिंगी’ धरलं जातं. त्यामुळे परवान्याला हरकत नाही, पण मादीचा परवाना अशा पोरावर घालवायचा नसतो. थोराड मादीचं तोंड लांब, अंग आडव्या पेटीसारखं. पाडसाचं तोंड आखूड, अंग चौकोनी. दोन कानांमधला माथा गोलसर तर मादी, सपाट आणि कडेला फुगवटे तर नर पाडस. एकटं जनावर असेल तर मोजमाप फसतं, म्हणून दोन एकत्र येईपर्यंत थांबा आणि मोठी निवडा.

चालती हरणी थांबवायला तोंडानंच हलकं ‘मॅ’ म्हणतात. धनुष्य पूर्ण ताणल्यावरच म्हणा. आणि हेही ध्यानात ठेवा की थांबलेली हरणी सावध झालेली असते. आवाज सेकंदाला सुमारे ११०० फूट जातो, बाण २८०. वीस यार्डांवर दोरीचा टणत्कार तिच्या कानात पोचतो तेव्हा बाणाला अजून तीन चतुर्थांश वाट उरलेली असते. सावध हरणी तेवढ्यात खाली दबते आणि बाण पाठीवरून जातो. ती आपणहून थांबत असेल तर ‘मॅ’ नको. पंचवीस यार्डांपलीकडे मी सोडत नाही. अंग आडवं किंवा किंचित पाठमोरं असेल तरच, पुढच्या पायाच्या मागे.

नंतर अर्धा तास झाडावरच. रक्ताचा माग, मग हलवण्याआधी कानाला टॅग, दहा दिवसांत कमिशनकडे नोंद. रोगग्रस्त विभागात मेंदू आणि कणा बाहेर नेता येत नाही. तपासणीसाठी डोकं टाकायच्या पेट्या ठेवलेल्या असतात, तिथे ते मोफत तपासून मिळतं. ऑक्टोबरात ऊन असतं, म्हणून आतडी लगेच काढून पोटात बर्फाच्या पिशव्या. हरणाची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते, ती सगळी काढून टाका. पाठीचे तुकडे दोन मिनिटं तव्यावर, मांडीचं मांस कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर दोन-अडीच तास, आणि तेल नेहमीपेक्षा जास्त, कारण या मटणाला स्वतःचं काही सुटत नाही. फ्रीजर भरला असेल तर १९९१ पासून चालू असलेला ‘हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट’ हा उपक्रम मांस अन्नछत्रांपर्यंत पोचवतो.

शेवटचं काम त्याच रात्री करायचं, अंघोळीआधी. एक वही ठेवा: तारीख, वारा, कोणता आवाज, किती वाजता, काय झालं. माझ्या वहीतलं गेल्या ऑक्टोबरचं एक पान असं आहे. ‘वारा वायव्य, मंद. ७:१० आई, दोनदा. ७:१५ ब्लीट दोन. ७:४० काही नाही. ८:०५ लॉरेलमधून थोरली, मागे दोन पाडसं. तीस यार्ड. वर बघितलं. ८:२० पर्यंत ती हलली नाही, मीही नाही. मग ओढ्याकडे गेली. कॉल केला नाही. गुरुवारी दुसरं मचाण.’